थंड इंजिनाला गळणारा कूलंट होज: कोणता क्लॅम्प निवडावा?

प्रश्न (जुनी_गाडी)

माझ्या गाडीच्या रेडिएटरचा वरचा होज जिथे रेडिएटरच्या तोंडावर चढतो, त्या सांध्यातून गेले काही आठवडे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, पाझरत आहे. गळती मोठी नाही. पण इंजिन रात्रभर थंड राहिले की सकाळी क्लॅम्पच्या खालच्या अंगाला थेंब लोंबत असतो आणि सांध्याभोवती फिकट गुलाबी क्षार साचलेले दिसतात. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मात्र तोच सांधा कोरडा असतो. गरम असताना आत दाब जास्त असतो, म्हणून गळायचे तर तेव्हा गळावे अशी माझी समजूत होती, आणि त्यामुळे हा प्रकार मला उलटा वाटतो.

मूळचा स्प्रिंग क्लॅम्प (स्वतःच्या ताणाने होज आवळून धरणारे, दोन कान दाबून उघडायचे कडे) आधीच्या एका दुरुस्तीच्या वेळी काढून तिथे स्क्रूने आवळायचा पट्टीचा क्लॅम्प बसवला गेला आहे. स्क्रू थोडा आवळला की गळती काही दिवस थांबते आणि पुन्हा सुरू होते. आता पट्टीच्या खाचांमधून होजचे रबर वर आलेले दिसते, त्यामुळे आणखी आवळण्याचे धाडस होत नाही. शिवाय रेडिएटरचे तोंड प्लॅस्टिकचे आहे. अशा सांध्याला स्क्रूचाच पण चांगल्या प्रतीचा क्लॅम्प घ्यावा, टी-बोल्टचा (रुंद पट्टी बोल्ट-नटने आवळायचा) जाड क्लॅम्प घ्यावा, की पुन्हा स्प्रिंग क्लॅम्पकडे वळावे? आणि कोणताही घेतला तरी त्याचे माप कसे ठरवावे?

उत्तर (पाना_पक्कड)

आपण जे लक्षण वर्णन केले आहे ते उलटे नाही, अगदी नेहमीचे आहे, आणि क्लॅम्पची निवड त्यावरूनच करायला हवी. रबर तापले की फुगते आणि थंड झाले की आक्रसते, आणि हा फरक धातूच्या पट्टीच्या तुलनेत बराच मोठा असतो. इंजिन गरम असताना होजची भिंत फुगून क्लॅम्प आणि तोंड यांच्यामध्ये घट्ट दाबली जाते, त्यामुळे आत एक ते दीड बार दाब असूनही सांधा धरून राहतो. इंजिन थंड झाले की रबर मागे येते, पण स्क्रूच्या क्लॅम्पचा व्यास जिथे आवळून ठेवला तिथेच राहतो. मग रबर आणि तोंड यांच्यात जी बारीक फट उरते तिच्यातून कूलंट निव्वळ स्वतःच्या वजनाने झिरपते. त्याला दाबाची गरज लागत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडते. आपण थंड सांध्यावर क्लॅम्प आवळता, तेव्हा त्या क्षणी तो योग्य बसतो. परंतु इंजिन तापल्यावर फुगणाऱ्या रबराला जायला जागा नसते, आणि ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त दाबले जाते. बराच काळ उष्णतेत दाबलेले रबर मोकळे केले तरी पूर्वीच्या जाडीला परत येत नाही. पुढच्या थंडीत ते आधीपेक्षा पातळ असते, म्हणून पुन्हा गळते, म्हणून आपण पुन्हा आवळता. प्रत्येक वेळी होजचे टोक थोडे अधिक बाद होत जाते. खाचांमधून वर आलेले रबर याचीच खूण आहे, आणि आपण थांबलात ते योग्यच केलेत.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की प्लॅस्टिकच्या तोंडावर आणि रबरी होजवर स्प्रिंग क्लॅम्पच लावावा. तो रबराबरोबर उघडतो आणि रबराबरोबर मिटतो, त्यामुळे थंड असो वा गरम, त्याचा दाब जवळपास सारखा राहतो. कारखान्यात तो केवळ स्वस्त किंवा बसवायला झटपट म्हणून वापरतात असा समज सर्वत्र आढळतो, पण तो अर्धवट आहे. प्लॅस्टिकचे तोंड सततच्या अतिरिक्त दाबाखाली सावकाश आत दबते, आणि स्प्रिंग क्लॅम्पचा दाब कारखान्याने ठरवलेला असल्याने, योग्य मापाचा क्लॅम्प असेल तर, तो दाब हाताच्या जोराने वाढवण्याची सोयच उरत नाही. अशा तोंडासाठी ही मोठीच सुरक्षितता आहे.

टी-बोल्टचा क्लॅम्प मी येथे सुचवणार नाही. तो टर्बोच्या हवेच्या जाड होजसाठी उत्तम असतो, कारण तिथे तोंड धातूचे असते आणि होज निसटण्याचा धोका खरा असतो. त्याची ताकद प्लॅस्टिकच्या तोंडाला तडा देण्याइतकी असते, आणि स्प्रिंग नसलेला टी-बोल्टही थंड रबराच्या मागे जात नाही. म्हणजे आपली मूळ अडचण तशीच राहील.

मापाबद्दल: होज तोंडावर चढवलेला असताना त्याचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. सुटा मोजू नका, कारण तोंडावर चढल्यावर तो थोडा ताणलेला असतो. स्प्रिंग क्लॅम्पच्या कानावर मापाचा आकडा ठोकलेला असतो, आणि एका मापाचा क्लॅम्प फार थोड्या मिलिमीटरांच्या पल्ल्यातच नीट काम करतो. मूळ क्लॅम्पचा भाग क्रमांक मिळत असेल तर तोच मागवणे सर्वांत उत्तम. जुना क्लॅम्प मिळाला आणि त्यावर गंज नसला, तरी तो फार ताणला गेला आहे का ते पाहा. मोकळा असताना तो नव्या क्लॅम्पपेक्षा रुंद दिसत असेल तर त्याचा जोर गेलेला आहे.

उत्तर (दोन_इंची_स्पॅनर)

वरील उत्तरातील कारणमीमांसा मला पूर्ण मान्य आहे, निष्कर्ष मात्र सरसकट लागू करू नये असे वाटते. स्क्रूचा क्लॅम्प वाईट नसतो, तो वाईट प्रतीचा आणि वाईट मापाचा घेतला जातो. लंडनमध्ये १९२१ साली लम्ली रॉबिन्सन यांना या क्लॅम्पचे पेटंट मिळाले, आणि तेव्हापासून तो जगभर पाण्याच्या, हवेच्या आणि कूलंटच्या नळ्यांवर टिकून आहे. होज मूळ कंपनीचा नसेल आणि त्याची भिंत जाड किंवा पातळ असेल, तर अचूक मापाचा स्प्रिंग क्लॅम्प मिळेलच असे नाही. आणि चुकीच्या मापाचा स्प्रिंग क्लॅम्प चांगल्या स्क्रू क्लॅम्पपेक्षा नक्कीच वाईट.

स्क्रूचा क्लॅम्प घ्यायचाच असेल तर पट्टीकडे आधी पाहावे. आरपार खाचा कापलेली पट्टी मऊ होजवर लावू नये, कारण रबर त्या खाचांत शिरते आणि खाचेची धार त्याला कापते. आपल्याकडे हेच झालेले दिसते. त्याऐवजी ज्या पट्टीवर आटे फक्त बाहेरून दाबून उमटवलेले असतात आणि आतली बाजू अखंड गुळगुळीत असते ती घ्यावी. पट्टीच्या दोन्ही कडा बाहेरच्या बाजूला किंचित वळवलेल्या असाव्यात. आतून बोट फिरवून पाहिले की फरक लगेच कळतो: चांगल्या पट्टीवर बोट कुठेही अडत नाही.

दुसरी गोष्ट पल्ला. समजा होजचा बाहेरचा व्यास ४१ मिलिमीटर आहे, तर ३२ ते ५० मिलिमीटर पल्ल्याचा क्लॅम्प अगदी योग्य, कारण आपले माप त्याच्या मध्यावर येते. २५ ते ४० चा क्लॅम्प बसणारच नाही, आणि ४० ते ६० चा बसला तरी तो शेवटपर्यंत आवळावा लागेल. मग शेपटी लांब बाहेर येते आणि वर्तुळ स्क्रूच्या पेटीपाशी चपटे पडते. स्क्रूच्या पेटीखाली दाब कमी राहणे हा या जातीचा मूळचाच दोष आहे, आणि व्यास जितका लहान तितका तो जास्त जाणवतो. म्हणून हीटरच्या बारीक होजवर मीसुद्धा स्प्रिंग क्लॅम्पच लावतो.

धातूसाठी जर्मन मानक डिन ३०१७ मधील खुणा उपयोगी पडतात. डब्ल्यू-१ म्हणजे सगळे जस्त चढवलेले साधे पोलाद. डब्ल्यू-२ म्हणजे पट्टी आणि पेटी स्टेनलेस पण स्क्रू साध्या पोलादाचा. डब्ल्यू-४ म्हणजे स्क्रूसह सर्व स्टेनलेस. कूलंट पाझरणाऱ्या जागी साध्या पोलादाचा स्क्रू गंजून अडकतो, आणि मग तो आवळला गेला असे हाताला वाटते, प्रत्यक्षात पट्टी हललेलीही नसते. त्यामुळे डब्ल्यू-४ घ्यावा. १२ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीला साधारण पाच न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात, पण प्लॅस्टिकच्या तोंडासाठी गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेला आकडाच पाळावा, तो बहुधा याहून कमी असतो. चपट्या पेचकसाने आवळण्यापेक्षा षटकोनी डोक्यावर छोटा सॉकेट लावावा. पेचकस घसरून शेजारच्या रेडिएटरच्या पंखांत घुसतो तेव्हा नवे काम वाढते.

आणखी एक मधला मार्गही आहे. काही स्क्रू क्लॅम्पांच्या स्क्रूखाली कपाच्या आकाराच्या स्प्रिंग वॉशरची रांग असते, किंवा पट्टीच्या आत वेगळी स्प्रिंगची पट्टी असते. असा क्लॅम्प स्क्रूने बसतो आणि तरीही रबराबरोबर थोडा मागेपुढे होतो. तो महाग आणि आकाराने मोठा असतो, पण अचूक मापाचा स्प्रिंग क्लॅम्प मिळत नसेल तेव्हा माझी पहिली पसंती त्यालाच असते.

उत्तर (थर्मोस्टॅट)

क्लॅम्प कोणता घ्यावा याची चर्चा योग्यच आहे, परंतु क्लॅम्प विकत घेण्यापूर्वी गळती खरोखर त्याच सांध्यातून आहे आणि दोष क्लॅम्पचाच आहे, याची खात्री करावी. कूलंट होजवरून ओघळत जाऊन दुसऱ्याच जागी थेंब धरते, आणि सर्वांत खालचा थेंब हा बहुतेक वेळा उगम नसतो. सांधा धुऊन, पुसून कोरडा करावा, थंड इंजिनावर दाबाचा हातपंप लावावा, रेडिएटरच्या झाकणावर जो आकडा छापलेला असतो तेवढाच दाब द्यावा आणि पंधरा मिनिटे थांबून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन खालच्या बाजूने पाहावे. फक्त थंडीत गळणारा सांधा या चाचणीत कधीकधी कोरडाही राहतो, कारण दाबाने होजच तोंडावर वेगळा बसतो. म्हणून सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वीच पांढरा कागदी रुमाल सांध्याभोवती गुंडाळून पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते.

होज काढल्यावर त्याचे टोक दोन बोटांनी चिमटून मधल्या भागाशी ताडून पाहा. टोक मधल्या भागापेक्षा मऊ, फुगीर किंवा भुसभुशीत लागत असेल, किंवा आतल्या अंगाला लांबीच्या दिशेने बारीक चिरा दिसत असतील, तर होजच संपला आहे. असे होज बाहेरून धडधाकट दिसतात. कूलंट आणि धातू यांच्यातील विद्युत-रासायनिक क्रियेमुळे हे चिरणे आतून सुरू होते, तेही क्लॅम्पच्या आसपास. आणि असा होज एखाद्या दिवशी चढावर गरम असताना फाटतो. त्यावर कोणताही क्लॅम्प उपाय नाही.

एक सावधगिरी मुद्दाम लिहितो. गाडी रात्रभर उभी राहूनही सकाळी होज दाबला असता कडक लागत असेल, तर सिलिंडर हेडच्या गास्केटमधून ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत असण्याची शक्यता तपासून घ्या. तसे असेल तर आपण सांध्यामागून सांधे बदलत राहाल आणि प्रत्येक वेळी दुसरा सांधा गळेल.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (जुनी_गाडी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज इंजिन पूर्ण थंड असताना कूलंट सांध्याच्या पातळीखाली काढून घेतले आणि होज उतरवला. सकाळी होज हाताला मऊच लागत होता, कडक नव्हता. क्लॅम्पच्या जागी रबरावर पट्टीचा खोल चर उमटला आहे आणि त्या चरात खाचांच्या तिरप्या रेषा स्पष्ट दिसतात. आतून चिरा मात्र नाहीत, आणि टोक मधल्या भागाइतकेच घट्ट आहे. रेडिएटरचे तोंड धड आहे, फक्त त्यावर पांढऱ्या क्षारांचा कडक थर आहे आणि प्लॅस्टिक ओतताना साच्याच्या जोडावर राहिलेली एक बारीक उभी रेघ नखाला लागते. होज चढवून मोजले तर बाहेरचा व्यास ४२ मिलिमीटर भरला.

आता तीन शंका आहेत. चर पडलेले टोक कापून हाच होज वापरता येईल का? त्याऐवजी सिलिकॉनचा होज घेणे शहाणपणाचे ठरेल का? आणि तोंडावर गास्केटचा सीलंट लावावा का?

उत्तर (पाना_पक्कड)

सीलंटपासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर ठाम नकार आहे. होजचा सांधा कोरडा बसण्यासाठीच घडवलेला असतो. ओला सीलंट लावून क्लॅम्प आवळला की होज त्या निसरड्या थरावर उंचवट्याकडे सरकतो, आणि आत पिळून आलेला सीलंट सुकल्यावर तुटून कूलंटबरोबर फिरतो. तो हीटरच्या बारीक नळ्यांत अडकला तर काढणे कठीण. होज चढत नसेल तर थोडे कूलंट किंवा स्वच्छ पाणी लावा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस अजिबात लावू नका, कारण कूलंटचे होज ज्या ईपीडीएम रबराचे असतात ते खनिज तेलाने फुगते आणि सैल पडते.

होजचे टोक कापता येईल, पण दोन अटींवर. कापल्यानंतर होज ताणल्याशिवाय तोंडाच्या मुळापर्यंत पोहोचायला हवा. इंजिन आपल्या रबरी आधारांवर हलते, तेव्हा होजमध्ये थोडी सैल लांबी राहायलाच हवी. दुसरे असे की काप काटकोनात आणि एका फटक्यात, धारदार पात्याने घ्यावा. करवतीने कापलेली खरबरीत कड सांध्यात सरळ बसत नाही. साधारण १५ मिलिमीटर कापून चर पूर्ण निघत असेल आणि लांबी पुरत असेल तर होज ठेवा. मात्र तो गाडीइतकाच जुना असेल तर मी आपल्या जागी नवाच घेईन. कूलंट तसेही काढलेले आहे, होज तसाही हातात आहे, आणि हेच काम पुन्हा करण्यात शहाणपणा नाही.

सिलिकॉनचा होज उष्णतेला उत्तम टिकतो, पण तो मऊ असतो, आणि आपल्या सांध्याचा जो रोग आहे, म्हणजे थंडीत सैल पडणे आणि खाचांत रबर घुसणे, तो सिलिकॉनवर अधिकच जाणवतो. तो घेतलाच तर क्लॅम्पची आतली बाजू गुळगुळीतच हवी आणि क्लॅम्प स्प्रिंगचा किंवा स्प्रिंग वॉशरचा हवा. साध्या रोजच्या गाडीत मूळ प्रकारचा रबरी होजच मला पुरेसा आणि योग्य वाटतो.

तोंडावरचा क्षारांचा थर मात्र पूर्ण काढा. कदाचित गळतीचे अर्धे कारण तोच असेल. नायलॉनची घासणी आणि कोमट पाणी घेऊन घासा, हट्टी डाग राहिले तर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके काही वेळ गुंडाळून ठेवा आणि मग धुऊन टाका. चाकूने खरवडू नका, कारण तोंडाच्या लांबीच्या दिशेने पडलेला एकच ओरखडा कूलंटला बाहेर येण्याची वाट करून देतो. आपल्याला नखाला लागलेली उभी रेघ तशाच दिशेची आहे. ती बारीक पॉलिश पेपरने, ६०० किंवा त्याहून बारीक, तोंडाभोवती गोल फिरवत हलकेच सपाट करा. लांबीच्या दिशेने घासू नका. नख फिरवल्यावर अडेनासे झाले की थांबा, अधिक घासून व्यास कमी करू नका.

बसवताना होज तोंडाच्या मुळाशी असलेल्या थांब्यापर्यंत चढवा. क्लॅम्प तोंडाच्या टोकाचा गोल उंचवटा आणि होजचे टोक यांच्या मधल्या सपाट भागावर यायला हवा, होजच्या टोकापासून तीन ते पाच मिलिमीटर आत. उंचवट्यावर बसलेला क्लॅम्प तिरका होतो आणि पुढे सरकून निसटतो, आणि अगदी टोकाशी बसलेला रबराच्या कडेवर लटकतो. नवा होज लावणार नसाल तर क्लॅम्प जुन्या चराच्या कडेवर अर्धवट येणार नाही हे पाहा.

४२ मिलिमीटरच्या व्यासाला त्या मापाचा स्प्रिंग क्लॅम्प सहज मिळायला हवा, आणि नवा होज घेतलात तर तो चढवून पुन्हा मोजूनच क्लॅम्प मागवा. क्लॅम्प उघडायला साधी पक्कड वापरली की ती कानांवरून घसरते आणि क्लॅम्प जोरात उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा लावा आणि शक्य तर तारेने चालणारी, उघडे धरून कुलूप लागणारी क्लॅम्पची खास पक्कड आणा. अवघड जागेत तिच्यामुळे काम फार सोपे होते. क्लॅम्पचे कान पंखा, पट्टा आणि तारा यांच्यापासून दूर, पण पुढच्या वेळी पक्कड पोहोचेल अशा दिशेला ठेवा.

काढलेले कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. त्यातले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि त्याची चव गोडसर असल्याने जनावरे ते चाटतात. स्वच्छ असेल तर गाळून परत भरता येते. भरताना गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हवा काढा, इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू ठेवा, आणि ते पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडून पातळी पाहा. दाबाखालचे अर्धे पाणी आणि अर्धे ग्लायकॉल १२५ अंश सेल्सियसच्या पुढेही उकळत नाही, पण झाकण उघडताच दाब जातो आणि ते एकदम उसळते. त्यानंतरचे काही दिवस सकाळी कागदी रुमालाची चाचणी करत राहा. स्प्रिंग क्लॅम्पला आवळायचे काही नसते, त्यामुळे रुमाल ओला झाला तर दोष तोंडात किंवा होजमध्ये शोधावा लागेल.

उत्तर (दोन_इंची_स्पॅनर)

वरील सूचनांशी मी सहमत आहे. एकच भर घालतो: इंजिनाकडील, म्हणजे थर्मोस्टॅटच्या बाजूचा क्लॅम्पही त्याच वेळी उतरवून पाहा. तिथले तोंड ॲल्युमिनियमचे असेल तर होजखाली पांढरी भुकटी आणि लहान खड्डे पडलेले असू शकतात, आणि तिथेही कोणी खाचांच्या पट्टीचा क्लॅम्प लावला असेल तर तो याच खेपेला बदलून टाकावा.